पापलेटांनी न बदललेला मोडेम

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले रविकांत भाऊसाहेब यांच्या मालवणातल्या घरी दोन हजार दहा साली इंटरनेट होतं, म्हणजे इंटरनेटचा डबा होता. 'दर्यातार' कंपनीने काचेची तार पार घराच्या खिडकीतून आत आणली होती. तारेच्या टोकाला पहिल्या खेपेचा मोडेम होता आणि मोडेमवर महिनाभर लाल दिवा होता. खाऱ्या हवेने त्याची टोकं हिरवी पडली होती. कंपनीनेही पत्रक काढलं होतं, की जुने मोडेम या हवेत टिकत नाहीत, तरी ग्राहकांनी अर्ज भरून ते मोफत बदलून न्यावेत.

'अर्ज भरून मोफत' हे शब्द वाचून भाऊसाहेब गालात हसले होते. तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला असल्या पत्रकांचा अर्थ कोणी शिकवायला नको!

एरवी लाल दिवा त्यांनी सोसलाही असता. पण येत्या शुक्रवारी मस्कतमध्ये त्यांच्या नातीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. आत्या म्हणजे भाऊसाहेबांची मुलगी संचिता, ती कुडाळला. बाळ मस्कतला. मधे अख्खा अरबी समुद्र. कुडाळच्या घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून संचिता मालवणला येऊन भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरसमोर बसणार होती. बाळाचा बाप, म्हणजे भाऊसाहेबांचा मुलगा निकेत, याने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, संचिता कॉम्प्युटरवर दिसली नाही, तर बारसं पुढे ढकलीन. पण नाव तीच सांगेल."

"अहो, मोडेमाचा काय झाला?" सावित्रीबाई रोज विचारत.

"पाठपुरावा चालू आसा," भाऊसाहेब रोज सांगत.

गुरुवारी सकाळी मासळीवाली गंगू दारात आली. भाऊसाहेबांनी पाटीतली दोन दणदणीत पापलेटं निवडली.

"पावणे इले काय?" गंगूने विचारलं.

"नाय गो. दर्यातारच्या ऑफिसात देवची आसत. मोडेम बदलूचो आसा."

गंगूचा हात पाटीतच थांबला. तिच्या घरीही तीच तार होती. तिचा मुलगा सत्यवान बोटीवर नोकरीला होता आणि बंदर लागलं की आईशी व्हिडिओवर बोलायचा.

"माजो नवो मंगळवारीच लागलो," ती म्हणाली.

"तुझो? ओळख कोणाची काढलंस?"

"ओळख कसली? जुनो मोडेम पिशवीत घातलंय, पाटीत ठेवलंय, खिडकीर उबी रवलंय. फॉर्म भरलंय, नवो घेतलंय."

"आणि मधी कोण होतो?"

"मधी काच होती."

भाऊसाहेबांना हे पटेना. कामाच्या आणि माणसाच्या मधे नुसती काच असते, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. "तुका लागलो असात नशिबान," ते म्हणाले. "पण काम होवचा तर हात सैल सोडूक होयो. रीत आसा ती."

गंगूने पापलेटं पिशवीत घातली, पण पिशवी सोडली नाही. "भाऊसाहेबांनू, रागावशात तर रागवा. माजो घोव गेलो तेव्हा वारस नोंदीक मी तुमका तीनदा सुरमई हाडून दिलंय. मागसून कळला, नोंद पयल्याच हप्त्यात झालेली. कागद तुमच्या खणात होतो."

भाऊसाहेब खांबाला टेकले. "मी कधी मागलंय तुझ्याकडे?"

"मागूक नाय तुमी. पण 'नको' असा पण म्हणूक नाय. आमी देतो म्हणान तुमी घेतास, तुमी घेतास म्हणान आमी देतो. ह्यो रहाट कोणीतरी थांबवूक होयो, मा? तेव्हा घरात पोर लहान होता. ती सुरमई बाजारात गेली असती तर..." एवढं बोलून तिने पिशवी त्यांच्या हातात दिली, पाटी डोक्यावर घेतली आणि पुढच्या दाराशी जाऊन नेहमीसारखी हाक दिली.

भाऊसाहेब तरीही ऑफिसला गेले. तेही पिशवी घेऊनच! तीस वर्षांची सवय एका सकाळीत सुटत नाही, वाचकहो. ती आधी रिक्षात बसून सोबत येते.

खिडकीत दिव्या नावाची पिंगुळीची मुलगी बसली होती.

"काका, ग्राहक क्रमांक?" तिने विचारलं आणि कॉम्प्युटरात पाहिलं. "तुमचा अर्ज दिसत नाही."

"कसा दिसत नाही? महिनाभर पाठपुरावा करतोय मी!"

"कोणाकडे?"

भाऊसाहेबांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर शिपाई बाळा बसला होता. बाळाने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"बाळा, दर आठवड्याक पिशवी दिलंय की नाय तुका? 'साहेबांका दी, लक्ष असू दे' म्हटलंय की नाय?"

"दिल्यात. साहेब शाकाहारी, म्हणान मी खाल्लंय. मासो काय फुकट घालवूचो?" बाळा प्रामाणिकपणे म्हणाला. "पण काम काय ता तुमी एकदाव सांगूक नाय! माका वाटला, भाऊसाहेबांचो माझ्यार जीव आसा."

रांगेतले लोक हसले. भाऊसाहेबांचे कान तापले. खरंच की! काम काय ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. कारण त्यांच्या टेबलावर पिशव्या यायच्या त्याही अशाच, मुक्याने. 'लक्ष असू द्या' एवढंच म्हणून माणूस वळायचा, आणि बाकीचं त्यांना आपोआप समजायचं. अरेरे! महिनाभर त्यांनी सगळं केलं होतं. एक अर्ज तेवढा केला नव्हता. आणि ज्या बाईने नुसता अर्ज केला, तिच्या घरी हिरवा दिवा लागून दोन दिवस झाले होते!

"बाळा, आतली पावती-वही घेऊन ये. तुझ्याशी मी नंतर बोलते," दिव्या करड्या आवाजात म्हणाली. मग भाऊसाहेबांकडे वळून तिने विचारलं, "काका, जुना मोडेम आणलाय?"

भाऊसाहेबांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी ठिबकत होती.

"नाही," ते हळूच म्हणाले. "चुकीची पिशवी आणलीय."

"मग बरोबर पिशवी घेऊन या. एक वाजता खिडकी बंद होते. उद्या ऑफिसला सुट्टी आहे."

साडेबारा वाजले होते. भाऊसाहेब जन्मात पळाले नव्हते, ते रिक्षाकडे पळाले. सावित्रीबाईंच्या हातात पापलेटं दिली, मोडेम उपटला आणि त्याच रिक्षाने परत येऊन रांगेत उभे राहिले. पुढे चार माणसं होती. एक ओळखीचा होता, तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी पुढे व्हा." भाऊसाहेबांची पावलं उचललीही होती. ती त्यांनी परत खाली ठेवली.

एकला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी अर्ज भरायला घेतला. त्याला लागली चार मिनिटं. कुठल्याच रकान्यात 'ओळख' असं लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी कंपनीचा तंत्रज्ञ किरण येऊन नवा मोडेम बसवून गेला. दिवा आधी लाल, मग पिवळा आणि मग हिरवा झाला. सावित्रीबाईंनी देवासमोर साखर ठेवली. भाऊसाहेबांनी असा सुस्कारा सोडला, की जणू तो तीस वर्षं अडकून पडला असावा.

शुक्रवारी कॉम्प्युटरसमोर गर्दी जमली. भाऊसाहेबांनी स्वतः जाऊन गंगूला बोलावून आणलं होतं. दारातच ते म्हणाले, "गंगू, त्या सुरमईची फेड माझ्याकडून होवची नाय. पण चूक माझीच होती."

"ता कळला तुमका, बस झाला," म्हणत गंगूने एक पिशवी पुढे केली.

भाऊसाहेब दचकून दोन पावलं मागे सरले. "नको गो बाय! आता पिशवी नको!"

"उघडून तरी बगा! झबलां आसा बाळाचा. ह्याच्यामागे काम काय नाय माजा."

भाऊसाहेबांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. तिकडे मस्कतला निकेतने हेडफोन बाळाच्या कानाशी धरला. इकडे संचिता पुढे वाकली आणि काचेच्या तारेतून नाव समुद्रापार गेलं. बाळाने जांभई दिली. टाळ्या वाजल्या!

बंधुभगिनींनो, मागून घेणारा दोषी आहेच. पण न मागता देणारे आणि 'नको' न म्हणणारे आपण सगळे तो रहाट फिरवत असतो. हक्काच्या कामाला पिशवी लागत नाही, अर्ज लागतो. आणि ज्या पिशवीमागे काम नसतं, तीच खरी भेट. ती मात्र अवश्य घ्यावी.