बुडबुडा खिडकीकडेच होता

मी पाणसळ बोलतेय. हल्ली सगळे मला लेव्हल म्हणतात, म्हणू देत. हातभर लांबीची धातूची पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि एकच बुडबुडा. तो दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबला की जमीन समपातळीत. सरकला, तर ज्या बाजूला सरकला ती बाजू उंच. काम एवढंच, पण तोरा विचारू नका.

कारखान्यातून निघाले, काही दिवस दुकानात टांगून घेतलं आणि मग एका गवंड्याच्या पिशवीत आले. थापी बिचारी सिमेंटने माखलेली पडून राहायची. मला मात्र तो रोज काम संपलं की ओल्या फडक्याने पुसायचा. त्याची लेकही त्याच्याच हाताखाली फरशी बसवायला शिकली. मला उचलायच्या आधी ती हात धुऊन यायची. बापाची तशी शिस्तच होती.

आणि अशा माझ्यावर परवा आळ आला!

झालं असं, की आम्ही नवी फरशी बसवलेल्या एका घरात बाईंच्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. खालची जमीन कललीय, असं बाईंचं म्हणणं. मला हसूच आलं. अहो, खोलीला थोडा ढाळ दिलाय, तो गवंड्याने मुद्दामच दिला असणार. फरशी बसवताना माझा बुडबुडा सरकलेला मी पाहिलाच होता.

पण गवंडी म्हणाला, ढाळ मुळीच दिलेला नाही, सगळी खोली पाणसळीवर धरून बसवलीय. मी चरकले. मग लेक हळूच म्हणाली, पाणसळच बिघडली असेल. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

ती खोली बापाने एकट्याने केली होती, लेक तेव्हा स्वयंपाकघरात होती. आता तिने जमिनीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि मला त्यावर ठेवलं. बुडबुडा खिडकीकडे गेला. मग माझी टोकं फिरवून तिने मला त्याच खुणांवर पुन्हा ठेवलं. मी खोटी असते, तर आता तो दाराकडे गेला असता. पण तो पुन्हा खिडकीकडेच आला, अगदी तेवढाच. सुटले बाई! मी खरी होते, जमीनच वाकडी होती.

तेवढ्यात बाप पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि माझ्यावर वाकला.

"मधोमध आहे," तो म्हणाला. मला फिरवून पुन्हा बघितलं. "मधोमधच आहे की."

बुडबुडा पार रेघेबाहेर होता. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणात ती बाईंकडे वळली आणि पाणसळ खोटी निघाली म्हणून मोकळी झाली. मला राग यायला हवा होता. उलट मी मनात म्हणत होते, मार पोरी, सगळं माझ्याच माथी मार.

बाप तिच्याकडे बघत राहिला. "बुडबुडा कुठे आहे?"

ती मला उचलायला वाकली.

"खरं सांग."

"खिडकीकडे, बाबा."

तो सावकाश उठला. "पाणसळ खरी आहे, बाई," तो म्हणाला. "मलाच दिसत नाही. फरशी आम्ही परत बसवून देऊ."

ती लेकीने बसवली. तो शेजारी बसून सिमेंट कालवत होता. आता मी तिच्याच हातात असते. त्याचे डोळे दाखवायला ती त्याला उद्या दवाखान्यात नेणार आहे, आणि पुढे काय होईल या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुम्ही आम्हाला जरूर तपासा, उलटून पालटून तपासा. पण आम्हाला धरणाऱ्याकडेही एकदा नीट बघा. गेले कित्येक दिवस काम करताना त्याचं नाक माझ्या काचेला टेकत होतं, आणि मी वेडी समजत होते, केवढी माया करतो हा माझ्यावर!