मोनिकाच्या मापाची दोरी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली आणि भावसिंगपुऱ्यातल्या संघपालच्या घरात एकच गलका उडाला.

"पप्पा, निघाली! भरती निघाली!" आकाश मोबाइल उंचावून दारातूनच ओरडला. आतून मोनिका कणकेचे हात तसेच घेऊन धावत आली. ती थोरली, नुकतीच बी.ए. झालेली. आकाश तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांनीही पोलिसात जायचं कधीपासून ठरवलेलं होतं. संघपाल वाळूजला कारखान्यात कामाला होता. आताच पाळीवरून आलेला तो डबासुद्धा खाली न ठेवता म्हणाला, "माझी दोन्ही लेकरं वर्दीत! रत्नमाला, ऐकायलीस का?"

रत्नमालाने चहात साखर जरा जास्तच टाकली.

नागसेनवनाच्या मैदानावर मुलामुलींचा सराव घेणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, की रोज दोरीवरच्या उड्या मारा. दम वाढतो, पाय हलके होतात. संघपालने लगेच ठरवून टाकलं.

"उद्या छावणी बाजारात जाऊ, आकाश. तुला चांगली दोरी घेऊ."

"मी पण येऊ, पप्पा?" मोनिकाने विचारलं.

"तू कशाला? दोरीच तर आणायची. एकच आणू, दोघं वापरा."

मंडळी, किती साधं वाक्य! तुमच्याआमच्या घरात असं काहीतरी रोज बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काडीचंही वाईट नसतं, आणि ऐकणारी गुपचूप आत निघून जाते. मोनिकाही गेली.

दुसऱ्या दिवशी बापलेक छावणी बाजारातल्या फारूखभाईंच्या खेळाच्या दुकानात पोचले. फारूखभाईंनी आधी विचारलं, "किसके वास्ते होना?" मग आकाशला दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभं केलं आणि दोन्ही मुठी वर ओढायला लावल्या. "मुठी काखेपर्यंत आल्या, की माप बरोबर. दोरी जास्त झाली तर पायात अडकती, कमी झाली तर डोक्याला लागती."

आकाशचा डोळा मात्र काचेतल्या चकचकीत तारेच्या दोरीवर होता. मोबाइलवर त्याने तसलीच पाहिलेली. ती गरगर फिरायची, मुठीत बेअरिंग होतं. फारूखभाई म्हणाले, "ये तेज चलती बेटा. नवीन माणसाला जाड दोरी बरी." पण आकाश हटून बसला. उंच, काटक पोरगा तो. शाळेत असल्यापासून उड्या मारत होता, त्यामुळे त्याला जमण्यासारखं होतं. फारूखभाईंनी त्याच्या मापाने तार तोडून पेच घट्ट केले.

"घरात पोरगीबी आहे. तीबी वापरील हीच," संघपाल म्हणाला.

"उसका नाप अलग रहता, भाई."

"चालतंय हो. दोरी ती दोरी."

गच्चीवर सराव सुरू झाला. पहाटे आकाशची पाळी. तार सूंऽसूं करत हवेत फिरायची आणि आकाश भिंगरीसारखा उडायचा. खाली संघपाल कौतुकाने मान डोलवायचा. मोनिकाची पाळी यायची ती पाणी भरून, भाकऱ्या टाकून झाल्यावर. तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं असायचं. ती होती बुटकी. तिच्या हातात ती दोरी जमिनीवर लोळायची. हात लांब फाकवले तर खांदे भरून यायचे, मुठींजवळ गाठी मारल्या तर तार वाकडी व्हायची आणि सपकन पोटरीवर बसायची. पोटऱ्यांवर लाल वळ उठले.

"ताई, तू काय साप मारायलीस का?" आकाश हसला. संघपाललाही हसू आलं.

एक दिवस तार तिच्या घोट्यात अडकली आणि ती गुडघ्यावर आपटली. संघपाल धावत वर आला. त्याने स्वतः तिची जखम धुतली, हळद लावली. आणि मग मायेने म्हणाला, "जाऊ दे बाळा. नाय जमत तर नाय जमत. हे पोरींचं काम नाय. तू आपली तलाठ्याच्या परीक्षेला बस."

त्या मायेच्या बोलण्याने गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. मोनिका दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेली नाही, तिसऱ्या दिवशी मैदानावरही गेली नाही. आईला तिने सांगून टाकलं, "मम्मी, मी भरतीला जात नाय. माझ्यात दमच नाय."

रत्नमालाचा जीव तुटला. ती नवऱ्याशी वाद घालत बसली नाही. ती उठली आणि सरळ शेजारच्या गल्लीत जैतुनबींच्या घरी गेली. जैतुनबी निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. संघपाल शाळेत असताना त्याला कबड्डी त्यांनीच शिकवलेली. सत्तरी गाठली तरी त्यांची पाठ ताठ होती आणि आवाज शिट्टीसारखा.

रविवारी सकाळी त्या गच्चीवर हजर झाल्या. संघपाल गडबडीने खुर्ची घेऊन आला.

"बसायला नाही आले मी. मोनिका, दोरी घे. मधोमध पाय ठेव. आता मुठी वर ओढ."

मोनिकाने ओढल्या. मुठी तिच्या कानाच्याही वर गेल्या!

"या अल्ला! पोरी, ही दोरी तुझी नाहीच! आणि तू म्हणतेस तुझ्यात दम नाही?"

"बाई, दोघांना मिळून आणली होती," संघपाल चाचरला. "मी भेदभाव नाय करत. दोघांना सारखंच."

"सारखंच?" जैतुनबींनी पिशवीतून एक आखूड दोरी काढली. "आकाश, इकडे ये. ही तुझ्या ताईच्या मापाची. मार उड्या."

आकाश ऐटीत पुढे झाला. पहिल्याच फेऱ्यात दोरी डोक्याला थडकली. दुसऱ्या वेळी तो गुडघे पोटाशी घेऊन उडाला, तर ती टाचेत गुंतली. तिसऱ्या वेळी तो धप्पकन खालीच बसला! रत्नमालाला हसू आवरेना, मोनिकाही कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"काय रे? नाही जमत?" जैतुनबी म्हणाल्या. "मग सोड पोलिसाचा नाद. हे पोरांचं काम नाही."

"पण मॅडम, दोरीच बारकी आहे!" आकाश चिडून बोलला. आणि बोलता बोलताच थांबला. त्याने बहिणीच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. वळ अजून गेले नव्हते.



जैतुनबींचा आवाज आता उतरला. "संघपाल, तू बुद्धविहारातल्या सभेत किती छान बोलतोस! समतेवर बोलतोस तेव्हा मी रस्त्यावर थांबून ऐकते. पण बाबा, एकाच्या अंगाचं माप घ्यायचं, ते दुसरीला चढवायचं, आणि बसलं नाही की म्हणायचं तिच्यातच खोट आहे, ही समता होती का रे? पोराला पहाटेचा गार वारा, पोरीला चुलीपुढून उठल्यावरचं ऊन. ती गच्चीवर यायच्या आधीच तू तिचा दम काढून घेतोस!"

सभेत टाळ्या घेणारा संघपाल एकदम मोनिकापुढे गेला. "पोरी, मी तुला दुकानातसुद्धा नेलं नाय. चुकलं माझं. लई चुकलं. चप्पल घाल, आत्ताच्या आत्ता छावणीत जाऊ!"

"आज रविवार, पप्पा. दुकान..."

"रविवारीबी उघडंच असतं!" आकाशने गाडीची चावी आणूनसुद्धा दिली.

फारूखभाई दोघांना बघून हसले. "मैं बोल्या था ना, भाई!" त्यांनी काउंटरवर दोऱ्यांचा ढीग मांडला. संघपाल बोट दाखवायला गेला आणि त्याने हात मागे घेतला. "तू बघ, बाळा. तुला कोणती पटती ती घे."

मोनिकाने एकेक दोरी हातात तोलून पाहिली. तारेची बाजूला ठेवली. सुताची फार हलकी वाटली, फिरवताना मध्येच ढिली पडायची. मग तिला प्लास्टिकचे मणी ओवलेली एक दोरी सापडली. ती जमिनीला लागली की टक् आवाज यायचा. त्या आवाजावर उडी कधी घ्यायची ते आपोआप कळत होतं! फारूखभाईंनी मापाला चारदोन मणी काढले, गाठ मारली. मुठी बरोबर तिच्या काखेपाशी आल्या.

"मारून बघू?"

"मार की!"

दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ती उभी राहिली. टक्, टक्, टक्! दोरी अडकेना! तिची वेणी उडू लागली, चेहरा फुलला. भाजी घ्यायला आलेल्या बाया थांबल्या. "अगं बघ तरी पोरगी!" कुणीतरी म्हणालं, आणि चक्क टाळ्या पडल्या. संघपालच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो ते पुसायचं विसरला.

त्या दिवसापासून घराची घडी बदलली. पाणी आकाश भरू लागला. भाकऱ्या त्याला थापता येईनात, पण पीठ मळायला तो शिकला. पहाटे गच्चीवर दोन दोऱ्या सोबत फिरू लागल्या, एक सूंऽसूं, एक टक्‌टक्. पडल्यावर रबराची चटई बरी, म्हणून जैतुनबींनी ती आणून अंथरली आणि रोज शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

मैदानावर सरांनी मुलींची आठशे मीटरची चाचणी घेतली तेव्हा संघपाल सुट्टी टाकून आला होता. शेवटच्या वळणावर मोनिका मागून एकेकीला गाठत निघाली. "पळ, मोनिका! पळ!" तो कठड्यावर चढून ओरडत होता. ती पहिली नाही आली, दुसरी आली. पण धाप लागलेली असतानाच तिने बापाला सांगितलं, "पप्पा, मी भरतीला जाणार!"

पुढच्या सभेत संघपालने भाषण केलं नाही. समोर बसलेल्या बापांना त्याने एवढंच सांगितलं: "घरी गेल्यावर लेकीला विचारा, तिला काय पाहिजे. आपणच ठरवून देऊ नका."

मंडळी, एकच वस्तू दोघांपुढे ठेवली म्हणजे समान संधी दिली असं होत नाही. प्रत्येकाला त्याच्या मापाचं साधन, त्याच्या वाट्याची वेळ आणि स्वतः निवडायचा हक्क मिळतो, तेव्हाच ती संधी असते. आपली लेक कुठं अडखळत असेल, तर "तुला जमत नाही" म्हणण्याआधी तिच्या हातात आपण काय दिलंय, ते एकदा बघू या!