डावा तळहात

अव्वा, म्हणजे माझी आई महादेवी, डावखुरी. चाकूरच्या घरी ती विकायच्या कडक भाकरी डाव्या हातानं थापते. आणि इष्टलिंग, म्हणजे गळ्यातल्या डबीत बाळगायचं छोटं शिवलिंग, ते तर आमच्या लिंगायतांत सगळेच डाव्या तळहातावर घेऊन पुजतात. एकाच हातावर दोन्ही भार, आणि तो हात बिचारा कधी बोलला नाही.

श्रावणात मी माहेरी आले होते, तेव्हा एका सोमवारी पूजा करताना तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली आणि लिंग हातातून सुटून तिच्या मांडीवर पडलं. ती पांढरीफटक पडली. लिंग पडणं म्हणजे आमच्यात केवढा अपशकुन. शेजारच्या शांतम्मा तेल घेऊन कोपर रगडायला आल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी अव्वाला ओढतच लातूरला नेलं.

डॉक्टरबाई शांतपणे बोलल्या. नुसती सूज असती तर गोळ्यांनी उतरली असती; पण वर्षानुवर्षं तेच काम करून स्नायूला हाडाशी बांधणारा दोरच झिजलाय, विहिरीच्या दोरासारखा पीळ न् पीळ सुटलाय. इंजेक्शननं कळ थांबेल, दोर सांधणार नाही. काही महिने हाताला आराम द्यायचा, मग हळूहळू व्यायाम. लिंग पुन्हा हातात धरता येईल, असं त्या म्हणाल्या आणि अव्वा तिथंच रडली.

दिवाळीला मी पुन्हा माहेरी गेले, तर भाकरी थापल्याचा आवाज दारापर्यंत येत होता. लिंगाची चांदीची डबी अव्वाच्या गळ्यात होती, पण बंद.

"आराम द्यायलेय की हाताला," ती म्हणाली. "पूजा सोडली. डबीलाच हात जोडते."

रडावं की ओरडावं, मला कळेना. सोडायची होती ती भाकरी, पूजा नव्हे, असं म्हणत मी परात ओढली. तिनं ती परत स्वतःकडं घेतली.

"भाकरी माझं कायक हाय, दामिनी. ते सोडून कुठल्या तोंडानं लिंग हातात घेऊ?"

आमच्यात रोजच्या कष्टाला कायक म्हणतात, आणि तीही पूजाच मानतात. मला फार राग आला.

पीठ संपत आलं तेव्हा तिनं लिंगाएवढी गोळी तोडली, डाव्या तळहातावर ठेवली आणि हात छातीसमोर धरला. धरता येतंय का, ते बघत होती. तळहात कलंडला. गोळी परातीत पडली.

तिनं ती उचलून उरलेल्या पिठात मळली आणि भाकरी थापायला घेतली.