पंचांचा खांदा

पंचांचा उजवा खांदा आखडला आणि मैदानावर अनर्थ ओढवला. षटकाराला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. यांचा उजवा हात खांद्याच्या रेषेत येऊन ठप्प व्हायचा. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून ते डावाही तिथेच थांबवायचे. परिणामी, त्या सामन्यातला प्रत्येक षटकार 'वाइड' ठरला, आणि गुणलेखकानेही तो इमानेइतबारे तसाच लिहिला.

मंडळाने बजावलं, मोसमअखेरच्या अंतिम सामन्यापर्यंत हात वर गेला तर ठीक, नाहीतर तुमच्या जागी तुमचा मेहुणा. मेहुण्याने त्याच संध्याकाळी पांढरा कोट इस्त्रीला टाकला.

पंच फिजिओथेरपीला गेले, टेबलावर आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "हं, करा."

"मी दाखवणार, काका. करायचं तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही कशाला?"

"मैदानात धावा तुम्ही काढता का?"

"छे! ते खेळाडूंचं काम."

"मग इथे मी पंच. उठा!"

भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, काठी दोन्ही हातांत धरून उचलायची, आणि हे रोज घरी करायचं. घरी पंच भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले.

"अहो, व्यायाम?" बायकोने विचारलं.

"अपील झाल्याशिवाय पंच हात उचलत नाही. नियम आहे."

बायकोने झारा खाली ठेवला, पदर खोचला, गुडघे वाकवले आणि खिडकीची तावदानं हादरतील अशी आरोळी ठोकली, "हाऊज दॅट!"

पंच निमूट उठून भिंतीला लागले.

मग गल्लीच पेटली. शेजारीण गच्चीवरून अपील करी, दूधवाला जिन्यातून. एकदा पंचांनी मान हलवून सरळ 'नाबाद' दिलं, तर बायकोने दाद मागितली थेट डॉक्टरबाईंकडे, फोनवर.

"काका, दुखतंय की कंटाळा आलाय? दुखत असेल तर थांबा, मी बघते."

पंच खोटं कधी बोलत नसत. "कंटाळा."

"मग घ्या काठी!"

अंतिम सामन्याला मेहुणा कडक इस्त्रीत सीमेवर बसला होता, दुधाकडे मांजर बघतं तसा पंचांच्या खांद्याकडे बघत. तेवढ्यात फलंदाजाने चेंडू उचलला तो थेट रस्त्यापलीकडच्या छपरावर. चेंडूकडे कुणी बघितलंच नाही. सगळं मैदान खांद्याकडे बघत होतं.

हात खांद्यापर्यंत आले. थबकले. उजवा कण्हत कानापाशी पोचला, टोपी पाडली आणि डोक्यावर गेला! फलंदाजाने बॅट टाकून गोलंदाजाला मिठी मारली. मेहुण्यानेसुद्धा भान विसरून टाळ्या वाजवल्या आणि मग इकडेतिकडे बघत हात खिशात घातले.

नवा चेंडू आला, गोलंदाज धावत निघाला आणि अर्ध्यातच थांबला. पंचांचे हात वरच होते.

"अहो, कळलं सगळ्यांना!" बायको सीमेवरून ओरडली. "घ्या आता खाली!"

"थांब गं," पंच म्हणाले. "वरची हवा चांगली आहे."