आठ उशा

"बाई, उठता का जरा? खोली बघायला दुसरी मंडळी आलीयेत."

ताई उठली नाही. लाल दोऱ्याच्या हॉटेलात चौथ्या मजल्यावरच्या पलंगावर ती चपला काढून सरळ उताणी पडली होती आणि उजव्या हाताने गादीखाली खोचलेला चादरीचा कोपरा चाचपत होती. खोली दाखवायला आलेली मुलगी दाराशी ताटकळत उभी होती. शेवटी कोपरा हाताला लागला. ताईने तो ओढून काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरून बघितला.

"हे रफू माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "दोनदा रफू केलं आणि तिसऱ्या वेळी बाद केली होती ही चादर. परत पलंगावर कशी आली?"

मुलीने कोपरा घाईघाईने परत गादीखाली खोचला.

"आणि खाली दारात एवढं कारंजं उडवताय." ताईने चपला घातल्या. "माणसांनी काय कारंज्यावर झोपायचं?"

झालं, लाल दोरा यादीतून गेला.

आता या दोऱ्यांचं प्रकरण आधी सांगून टाकलेलं बरं. शहरातल्या सतरा हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल एकाच मोठ्या लाँड्रीत धुवायला येत. एकाचा कपडा दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा शिवलेला असे. ताई त्या लाँड्रीत एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभी होती. इस्त्रीच्या गरम रुळांतून चादर बाहेर आली की ती उजेडासमोर धरायची, डाग बघायचा, विरलेली जागा बघायची आणि ठेवायची, रफू करायची की बाद करायची ते ठरवायचं. हॉटेलांची नावं तिला धड सांगता येत नसत. पण कुठलं हॉटेल पाहुण्यांना फसवतं आणि कुठलं नाही, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. एकाही हॉटेलात ती राहिलेली मात्र नव्हती. कधी प्रश्नच आला नव्हता.

प्रश्न आला तो भावामुळे. आईची पंचाहत्तरी जवळ आली तसा एके दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, या वेळी घरी काही करायचं नाही. एखाद्या झकास हॉटेलात एक दिवस राहायचं. हॉटेल तू निवड. त्यातलं तुझ्याइतकं कोणाला कळतं?"

"कसं हवंय तुला?"

"चैन वाटली पाहिजे. पण घरी आल्यावर उगाच पैसे उधळले असंही वाटायला नको. आणि चार खोल्या लागतील."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. ताईने मग आपल्या पद्धतीने मोजणी केली. लाँड्रीत माणसं कोणी मोजत नाही, अभ्रे मोजतात. चार खोल्या म्हणजे आठ उशा. भाऊ आणि भावजय, दोन. धाकटी बहीण आणि तिचा नवरा, दोन. भाची एक, ताई स्वतः एक, आई एक. झाल्या सात. आणि आईला मानेमुळे दोन उशा लागतात, म्हणजे बरोब्बर आठ. हिशेब इतका चोख जुळला की भावाला पुन्हा विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. तिथेच फसली बिचारी.

त्यानंतर चार आठवडे ताईने सुट्टीचा दिवस हॉटेलं धुंडाळण्यात घालवला. निळ्या दोऱ्याच्या हॉटेलात आंघोळीला नावेएवढा टब होता, पण टॉवेल असे की अजून तीन धुण्यांत पलीकडचा माणूस दिसला असता. जांभळ्या दोऱ्यात सगळं काही छान होतं, फक्त काहीही विचारलं की समोरचा माणूस हिच्या चपलांकडे बघून उत्तर देत होता. एका ठिकाणी तर तिने गादी उचलून खालची फळी बघितली म्हणून पहारेकरी बोलावला गेला. संध्याकाळी घरी येऊन ती हे सगळं आईला सांगायची. त्या घरात दोघीच राहत. आई खुर्चीत बसून हसायची आणि म्हणायची, "अगं, एका दिवसासाठी केवढा तो जीव काढतेस."

"एक दिवस आहे म्हणूनच," ताई म्हणायची.

शेवटी पिवळा दोरा ठरला. नदीकाठचं जुनं, बावीस खोल्यांचं हॉटेल. कारंजं नाही, झुंबर नाही. पण चादरी जड, अभ्र्यांच्या शिवणी दुहेरी, आणि एकतीस वर्षांत तिथली एकही बाद चादर परत आलेली नव्हती. तिथला मॅनेजर पन्नाशीचा, चष्म्याला दोरी लावणारा माणूस होता. लाँड्रीचे गठ्ठे तो स्वतः मोजून पाठवायचा, म्हणून दोघं एकमेकांना ओळखत होते. त्याने तिला पाचही मोकळ्या खोल्या उघडून दाखवल्या. तिने नळ सोडून पाणी किती वेळात गरम होतं ते बघितलं, पडदे ओढून अंधार बघितला, खिडकीशी उभं राहून रस्त्याचा आवाज ऐकला. बारा नंबरची कोपऱ्यातली खोली तिला फार आवडली. दोन पलंग, आणि एका पलंगावरून थेट नदी दिसायची.

"ही आईला," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आईला आणि मला."

मॅनेजर म्हणाला, "बाई, आमच्या चादरी इतकी वर्षं तुम्ही सांभाळल्यात. एकदा त्यांच्यावर झोपून तरी बघा."

सहज बोलला तो. पण ताईला ते लागलंच एकदम. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. भावाचं शिक्षण, धाकटीचं लग्न, आईची दोन ऑपरेशनं, सगळं त्या टेबलाशी उभ्या उभ्या पार पडलं होतं. हजारो पलंगांच्या चादरी हातावरून गेल्या, आणि आपल्यासाठी कोणीतरी चादर ताणून ठेवलीय, आपण फक्त जाऊन पडायचंय, असं एकदाही झालं नव्हतं. तिला ते हवं होतं. तिला ते इतकं हवं होतं की घरी येताना बसमध्ये तिची तिलाच लाज वाटली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी भाऊ आईला स्वतःच्या घरी घेऊन गेला. ताई दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस काम करून परस्पर हॉटेलवर पोचली. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, आणि हातात एक नवी बॅग. त्यात नवा कोरा गाऊन, दात घासायचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाचायला एक मासिक. मंडळी नुकतीच येऊन मॅनेजरच्या टेबलापुढे उभी होती. भाऊ, भावजय, भाची. धाकटी आणि तिचा नवरा. काठी टेकून आई. आणि आईच्या शेजारी कोचावर ऐसपैस बसलेले भावजयीचे आईवडील.

"अय्या, ताई आल्या," भावजय म्हणाली. "वन्सं, काय सुंदर जागा शोधलीत हो. आईबाबांना तर फारच आवडली."

"तुम्ही पण आलात? छान झालं," ताई त्या दोघांना म्हणाली. तिला खरंच छान वाटलं. म्हणजे अजून एक खोली लागणार, एवढंच तिच्या मनात आलं.

भाऊ यादी वाचून दाखवत होता. "एक आमची. एक धाकटीची. एक सासूसासऱ्यांची. आणि ती कोपऱ्यातली बारा नंबर आईला, तिच्या सोबतीला ही." त्याने मुलीच्या डोक्यावर टपली मारली. "झाल्या चार."

मॅनेजरने यादीवरून मान वर केली आणि ताईकडे बघितलं. "पण बारा नंबरमध्ये तर बाईंनी..."

ताईने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. माणूस शहाणा होता. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

तेवढ्यात भावाला बॅग दिसली. "हे काय, ताई? बॅग कशाला?"

त्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्याचं दिसत नव्हतं. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. ताई उत्तर शोधेपर्यंत आईच घाईघाईने बोलली, "माझी आहे ती. माझं राहिलं होतं सामान, मीच तिला आणायला सांगितलं."

आईने कधी खोटं बोललेलं ताईला आठवत नव्हतं. ती आईकडे बघत राहिली. आई काठीच्या मुठीकडे बघत होती. त्या एका क्षणात ताईला सगळं कळलं. भावाने काय केलं ते कळलं, आणि आईला ते आधीपासून माहीत होतं हेही कळलं. भावाचं तिला इतकं वाटलं नाही. तो लहानपणापासून असाच, आपल्यापुरतं बघणारा. पण आई सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी खुर्चीत बसून हॉटेलांच्या गोष्टी ऐकत होती, हसत होती, आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

"हो," ताई म्हणाली. "आईचीच आहे."

हॉटेलच्या माणसाने बॅग उचलली आणि जिन्याने वर नेली. गाऊन, ब्रश आणि गोळ्यांसकट.

"संध्याकाळी सातला जेवायला ये हं," भाऊ म्हणाला. "केक पण आहे. तू काय, इथलीच. दहा मिनिटांत घरी पोचशील परत."

"बघते," ताई म्हणाली. धाकटी खिडकीतून नदीचे फोटो काढत होती. तिने मागे वळून हात हलवला.

पाचच्या सुमाराला घरी फोन वाजला. आई खोलीतून बोलत होती, हळू आवाजात. भाची बहुधा खाली गेली असावी.

"तुझी बॅग उघडली मी," आई म्हणाली.

"बरं."

"गाऊन छान आहे गं. फुलाफुलांचा."

"तुलाच घेतलाय."

"मला कसा होईल तो? माझ्यासारख्या दोघी मावतील त्यात." मग आईने आवाज आणखी खाली आणला. "त्याने मला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणाला, सासूसासरे येतायत, ताईला जरा समजावून सांग. मीच नाही सांगितलं."

"का?"

"आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलं."

"आई, का नाही सांगितलंस?"

"तू हॉटेल बघायचं सोडून दिलं असतंस," आई म्हणाली. "मग त्याने कुठलंतरी बघितलं असतं. तुझ्यासारखं कोण बघणार माझ्यासाठी?"

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच बाहेर पडत नव्हतं. एकतीस वर्षांत कोणी काही मागितलं आणि तिने दिलं नाही असं झालं नव्हतं. पण ते मागून घेतलेलं होतं. हे तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तेही तिच्या समोर बसून, हसत हसत.

"तू मला विचारायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "मी तरीही बघितलं असतं."

आईला ते बहुधा खरं वाटलं, कारण ती रडायला लागली. ताईने तिला रडू दिलं. एरवी तिने लगेच समजूत काढली असती.

"सातला येतेस ना?" आईने नाक पुसत विचारलं.

"नाही."

"मग उद्या न्यायला तरी ये. दुपारी बारा वाजता खोली सोडायचीय म्हणे. मला गाडीत चढता येत नाही धड, याला घाई असते."

"मी कामावर असेन," ताई म्हणाली. "ज्याने नेलंय तो आणेल."

असं ती आईशी जन्मात बोलली नव्हती. ताई फोन ठेवणार होती, पण ठेवता आला नाही.

"न्हाणीघराच्या दारात बारीक उंबरा आहे," ती म्हणाली. "दिसत नाही पटकन. पाऊल उचलून टाक. आणि दिव्याचं बटण पलंगाच्या डाव्या हाताला आहे, उठून चाचपडत बसू नकोस."

मग तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाँड्रीत आली तेव्हा मुकादम हजेरीचं पान उघडून बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. "अहो, आजची रजा टाकलीय ना तुम्ही? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मागितलीत, मी लगेच सही केली. सकाळी उशिरापर्यंत झोपणार होतात ना तिकडे?"

"झाली झोपून," ताई म्हणाली, आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली.