कुणाचं येणं असेल तर

"शिरूर सोडून एवढ्या लांब दौंडला कशाला आलात?" इसहाक वकिलांनी विचारलं, तेव्हा नबीलालने टोपी काढली, पुन्हा घातली आणि खरं ते सांगून टाकलं.

"तिथं समदे वळखत्यात, सायेब. बोभाटा नको."

शिरूरच्या दोन वकिलांच्या दारावरून तो आधीच परत फिरला होता. एकाकडे नुसते बांधाचे तंटे चालत आणि दुसऱ्याच्या ओट्यावर ओळखीचीच माणसं बसलेली. म्हणून बिचारा एसटीचे धक्के खात इथवर आला होता, आणि आता वकील त्याला समजावत होते की नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज माणूस राहतो तिथल्याच कोर्टात द्यावा लागतो, शिवाय ज्यांचं देणं आहे त्या प्रत्येकाला कोर्ट नोटीस धाडतं. चोरून नादार होण्याची सोय सरकारने ठेवलेली नव्हती.

नबीलालचा धंदा गॅसबत्त्या भाड्याने देण्याचा. वरात असो, उरूस असो की देवळातलं भजन, उजेड नबीलालचा. मेंटलची जाळी बांधून, हवा भरून तो बत्ती अशी पेटवायचा की नवरीच्या नथीतला मोती लांबून दिसावा. जोरात चाललेला धंदा बघून त्याने दौंडच्या हौसरावांकडून नव्या कोऱ्या बत्त्या उधारीवर उचलल्या आणि पुढच्याच वर्षी गावात विजेचे खांब आले. बटण दाबायला शिकायला लोकांना एक लग्नसराईसुद्धा लागली नाही. त्यातच बायको, जन्नतबी, आजारी पडली. शेजारच्या कुशाबाईने आपल्या पाटल्या मोडून पैसे दिले, ते औषधपाण्यात गेले आणि शेवटी जन्नतबीही गेली. मूलबाळ नव्हतं. घरात माणूस एक आणि बत्त्या भिंतभर, पण पेटवायला निमित्त उरलं नव्हतं.

वकिलांनी देणं किती ते विचारलं. पाचशेच्या वर असेल तरच हा कायदा लागू होतो, म्हणाले. नबीलालचं तिप्पट निघालं. निदान या परीक्षेत तरी गडी चांगल्या मार्कांनी पास झाला.

मग वकिलांनी पुढचं सगळं उलगडून सांगितलं. कोर्ट बत्त्या विकील आणि येईल तो पैसा हौसराव आणि कुशाबाई यांना ज्याच्या त्याच्या हिश्श्याने वाटील. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि दुरुस्तीची हत्यारं, यांना कुणी हात लावणार नाही. पुढे कोर्टाने मोकळं केलं की कुणाला पैशासाठी दारात उभं राहता येणार नाही. नबीलाल कान देऊन ऐकत होता. छातीवरचं ओझं उतरवायची अशी काही सोय जगात आहे, हेच त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

"म्हंजी त्यांनी माफ केलं, असं त्यात येतंय का?"

"माफ कोर्ट करत नाही, नबीलालभाई. कोर्ट सोडवतं. माफ करायचं ते ज्याचे पैसे त्याने."

वकील ख्रिस्ती होते, म्हणून नबीलालने त्यांना आपल्याकडची रीत सांगितली. जनाज्याच्या नमाजाआधी मयताचा मुलगा नाहीतर भाऊ पुढे होतो आणि म्हणतो, याच्याकडे कुणाचं येणं असेल तर मला सांगा, नाहीतर माफ करा. जन्नतबीच्या वेळी नबीलाल स्वतःच पुढे झाला होता. मागून कुणीतरी "माफ केलं" म्हणालं, तेव्हा कुठे त्याला तिच्या जनाज्याला खांदा देण्याचं बळ आलं.

"माझ्या वक्ताला कोन म्हनंल, सायेब?"

वकील म्हणाले, "तारखेला हौसराव, कुशाबाई दोघंही येतील. तेव्हा तुम्हीच विचारून घ्या."

या एका वाक्यावर नबीलालने पुढचे महिने काढले. तसं पाहिलं तर कुशाबाईचा ओटा त्याच्या दाराला लागूनच होता. पण ज्या तोंडाने पाटल्या मोडून घेतल्या, त्याच तोंडाने तिच्या उंबऱ्यात उभं राहून माफ कर कसं म्हणायचं? कोर्टाचं बरं असतं, तिथे विचारायलाच बोलावलेलं असतं. इकडे नोटीस आल्यापासून कुशाबाईही बिचकली होती. ती भाकरीबरोबर खायला कोरड्यास आणून द्यायची, तेही बंद झालं. त्याला वाटलं ती रागावली, आणि तिला वाटलं आपल्याच हातून काही गुन्हा घडला. मधली भिंत एक, पण दोन्हीकडे माणूस एकटंच.

तारखेला नबीलाल धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून सगळ्यांच्या आधी शिरूरच्या कोर्टात पोचला. इसहाक वकीलही दौंडहून वेळेवर आले. पट्टेवाल्याने व्हरांड्यात येऊन पुकारा केला. नबीलाल वलद चांदभाई यांच्याकडे ज्याचं येणं असेल त्याने हजर व्हावं. नबीलाल फाटकाकडे बघत राहिला. पट्टेवाल्याने पुन्हा पुकारलं, पुन्हा पुकारलं.

हौसराव आले नाहीत, कारण पदरात पडणार त्याहून वकिलाचा खर्च जास्त. आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, एवढं शहाणपण कुशाबाईकडे होतंच. ती सकाळीच सणसवाडीला भाचीकडे निघून गेली होती.

काम चटकन उरकलं. कोर्टाने त्याला नादार ठरवलं. कुणी हरकत घेतली नाही म्हणून सोपं गेलं, असं वकील म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून स्टँडकडे गेले. भला माणूस. नबीलालला त्यांना थांबवावंसं वाटलं, पण कशासाठी ते सांगता येईना.

दुपारी व्हरांडा रिकामा झाला. पट्टेवाला भाकरी खायला गेला. नबीलाल बाकावरून उठला, चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि पट्टेवाला उभा होता त्या जागी जाऊन उभा राहिला.

"नबीलाल वलद चांदभाईकडं कुनाचं येनं असंल," तो हळू आवाजात म्हणाला, "तर मला सांगा. न्हाईतर माफ करा."

जनाज्यापाशी लोकांच्या उत्तरासाठी थांबतात, तेवढा वेळ तो थांबला. मग चपला पायात सरकवून घराकडे निघाला.