उजव्या पायाचं माप

शिवणाच्या वर्गात तिला सगळ्या जणी उसवण म्हणत. शिवायची एक हात आणि उसवायची दोन हात, असा तिचा खाक्या होता. वर्ग संपून वर्ष उलटलं तरी नाव काही सुटलं नाही, कारण घरात नणंदेने ते उचललं. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा वारल्यापासून ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि दिवसातून एकदा तरी भावाकडे येऊन सगळं जागच्या जागी आहे ना ते बघून जायची. शिवणयंत्र तिचंच, जुनं झालं म्हणून भावजयीला दिलेलं. यंत्राबरोबर तिची पिवळी कापडी टेपही आली होती, आणि त्या टेपचं कौतुक उसवणने इतक्यांदा ऐकलं होतं की टेप हातात घेतली की कानात आधी नणंद बोलायला लागे.

त्या दुपारी घरात वाजलं ते या टेपवरूनच.

गोष्ट तशी साधी. नवरा ट्रक चालवायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांनी हाकून खिळखिळ्या केलेल्या गाड्या वाट्याला आल्यावर आता कुठे मालकाने त्याला कोरी करकरीत गाडी दिली होती, आणि तिची पहिली फेरी त्याच संध्याकाळी निघायची होती. नव्या गाडीवर नवी पँट घालून बसायचं, असं या सहा फुटी गड्याने शाळकरी पोरासारखं मनात घेतलं होतं. पायघोळ पँट पेडलमध्ये अडकते, तेव्हा पोटरीपासून खाली चांगली अरुंद शीव, असं त्याने बजावलं होतं. उसवणने आदल्या दिवशी माप घेतलं. वर्गात शिकवलं होतं की एकच पाय मोजायचा आणि कापड दुमडून दोन्ही पाय एकदम कापायचे. माणूस डावीकडून उजवीकडून सारखाच असतो असं शिवणकाम धरून चालतं, नाहीतर शिंप्यांचा धंदा कधीच बसला असता. पोटरी साडेचौदा इंच भरली. तिने सैलपणासाठी एक इंच वाढवला, कापलं, कच्चे टाके घातले आणि जेवणं झाल्यावर पँट त्याच्या हातात ठेवली.

त्याने पलंगाच्या कडेला बसून पाय घातला. पँट पोटरीवर जाऊन अडकली. त्याने ओढली तसे दोन टाके तुटले आणि त्याचं तोंड क्षणभर वाकडं झालं. मग हसून त्याने ती काढून टाकली, जुनीच घालतो म्हणाला, आणि निघायच्या आधी डोळा लागतो का बघायला आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला.

उसवण खाली मान घालून तुटलेले टाके बघत राहिली. नणंद खुर्चीत बसून हे सगळं बघत होतीच. ती गप्प बसली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, पण गप्प बसणं तिच्या पत्रिकेत नव्हतं. ती म्हणाली, माप घेताना लक्ष कुठे होतं? उसवण म्हणाली, लक्ष जागेवर होतं, टेपच खोटी आहे. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणते, तिचा इंच लांबतो, आणि मग माप कमी भरतं. मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की टेप घ्यायची तर न ताणणारी घ्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," नणंद म्हणाली. "त्या टेपवर मी अख्ख्या घराचे कपडे शिवलेत."

उसवणला संताप आला. गेलं वर्षभर ती या बाईचं यंत्र, या बाईची टेप आणि या बाईचे टोमणे एकत्र वापरत होती. तिने नणंदेच्या डोळ्यांदेखत पिवळी टेप कचऱ्याच्या डब्यात टाकली, पायात चपला अडकवल्या आणि चौकातल्या शिवणसाहित्याच्या दुकानाकडे निघाली. नवरा निघायच्या आत पँट सुधारून द्यायचीच, असं तिने ठरवलं होतं, आणि वेळ थोडा होता.

दुकानदार निवांत माणूस, त्याला कुणाची घाई कळत नसे. त्याने आधी बटण दाबलं की आत पळणारी डबीतली टेप काढली. दिसायला गोंडस, पण अंगाला गुंडाळायला गेलं की ताठ राहते. मग एक रंगीत कापडी टेप काढली. ती तिने दोन्ही हातांत धरून ओढली तर रबरासारखी आली, तिने परत ढकलली. शेवटी त्याने काचतंतूंची, न ताणणारी पांढरी टेप काढली, टोकाला पत्र्याची पट्टी, दोन्ही अंगांना आकडे. दुकानदाराने ती गल्ल्याशेजारच्या पोलादी पट्टीवर अंथरून दाखवली. पत्र्याच्या टोकापासून शेवटच्या रेघेपर्यंत ती केसभरही सरकली नाही. उसवणने ती घेतली आणि जवळजवळ धावतच घर गाठलं.

आतल्या खोलीत नवरा घोरत होता. चादर सरकली होती आणि अलीकडचा पाय गुडघ्यापर्यंत उघडा पडला होता. तिने हलक्या हाताने पोटरीखालून टेप सरकवली आणि पत्र्याचं टोक आकड्यांवर आणून टेकवलं.

सोळा.

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. दीड इंचाचा फरक! ती बाहेर आली, टेपवर सोळाच्या आकड्यावर अंगठा तसाच दाबून धरलेला, आणि नणंदेपुढे हात नाचवून म्हणाली की बघा तुमच्या टेपचे गुण.

नणंद उठली, कचऱ्याच्या डब्यात हात घालून पिवळी टेप काढली, पदराने पुसली आणि टेबलावर लांब पसरली. मग भावजयीच्या हातातली पांढरी टेप घेऊन तिच्याशेजारी, टोकाला टोक लावून ठेवली. दोघी वाकल्या. दहाच्या रेघेपुढे दहाची रेघ होती. पंधरापुढे पंधरा. अगदी शेवटाला पिवळी टेप जेमतेम एका दोऱ्याएवढी पुढे गेली होती, त्याहून जास्त नाही.

नणंदेला जिंकल्याचं सुख मिळालं असेल तर ते फार टिकलं नाही. पिवळी टेप खरी, पांढरी टेपही खरी, आणि तरी एकाच माणसाची पोटरी काल साडेचौदा आणि आज सोळा. रात्रीतून कुणाची पोटरी दीड इंच वाढते?

"काल कुठला पाय मोजलास?" नणंदेने विचारलं.

"उजवा. नेहमी उजवाच मोजतात."

"आणि आत्ता?"

दोघी आतल्या खोलीत गेल्या. उघडा पाय डावा होता. पँट अडकली तोही डावाच, आता तिला आठवलं. तिने उजव्या पायावरची चादर वर केली आणि पिवळ्या टेपने मोजलं, मग पांढऱ्या टेपने मोजलं. साडेचौदा, साडेचौदा. डावा सोळा, परत सोळा. दोन्ही पाय शेजारी शेजारी उघडे ठेवल्यावर टेपची गरजच उरली नव्हती. डावी पोटरी तुकतुकीत दिसत होती. नणंदेने तिच्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. पाय गरम होता, एकटा तोच.

तेवढ्यात तो जागा झाला. दोघींना पायाशी टेपा घेऊन उभं बघून तो हसला, म्हणाला, अंगाचं माप घेताय की तिरडीचं? उसवणने पायाचं विचारलं. तो म्हणाला, क्लचचा पाय आहे तो, दिवसभर दाबून दाबून असाच होतो, सगळ्या ड्रायव्हरांचा होतो. असं म्हणून तो उठला, मोजे शोधायला लागला. जमिनीवर पाय टेकवताना त्याने पलंगाचा दांडा धरला, ते तिने पाहिलं.

ती म्हणाली, आज जाऊ नका, आधी डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, फेरी मारून आलो की दाखवू. ती म्हणाली, आत्ता. त्याचा आवाज चढला. पहिल्या फेरीला आपण गेलो नाही तर मालक गाडी दुसऱ्याच्या हातात देईल, आणि एकदा दुसरा त्या सीटवर बसला की ती त्याची झाली. एवढी वर्षं भंगार हाकलं ते काय यासाठी? आणि मग, मोजा ओढता ओढता, रागाच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं:

"तू असा गोंधळ घालणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर काल मुद्दाम उजवा पाय पुढे केला."

म्हणजे त्याला माहीत होतं. मागच्या फेरीवरून आल्या दिवसापासून माहीत होतं, आणि हा माणूस तिच्याशेजारी जेवला, झोपला, पँटच्या गप्पा मारत राहिला. उसवण इतकी घाबरली होती की तिला वाटलं आता रडू येईल, पण आला तो राग, स्वच्छ आणि थंड.

"टायरला असा फुगवटा आला असता तर गाडी काढली असती का तुम्ही?" तिने विचारलं.

हे त्याला लागलं. त्याचा हात मोज्यावरच थांबला. अशा टायरवर त्याने कुणालाही गाडी काढू दिली नसती, क्लीनरच्या कानाखाली वाजवली असती. तो काहीतरी बोलणार होता, पण फोन वाजला. गाडी भरून तयार आहे, कुठपर्यंत आलास, असं पलीकडून कुणीतरी विचारत होतं. "निघालोच," तो म्हणाला आणि उभा राहिला.

दार नणंदेने अडवलं नाही. आरडाओरडा केला नाही, आणि ही बाई तर दूधवाल्याशी बोलतानाही अख्खी गल्ली गोळा करायची. ती पलंगावर बसली, जिथून तो नुकताच उठला होता तिथे, आणि खाली बघून बोलली.

"छोट्या, त्या रात्री ह्यांनी पण सांगितलं होतं, काही नाही, छातीत गॅस धरलाय. मी ऐकलं. कोमट पाणी दिलं, पाठीला उशी दिली आणि ऐकलं त्यांचं."

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, भावजी झोपेत गेले. भावाने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मग तो चौकटीला टेकून उभा राहिला, आणि हळूहळू तिथेच खाली बसला. पाय खरंच दुखत होता, आणि आता तो लपवायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरणीने पाय बघितल्या बघितल्या त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि एक पाऊलही टाकू नका म्हणून सांगितलं. मशीनवर पाय तपासला. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, गुडघ्याच्या वरपर्यंत चढलेली. लांबच्या फेऱ्यांत तासन् तास बसून होतं असं, ती म्हणाली. किती दिवस दुखतंय विचारल्यावर त्याने जमिनीकडे बघत चार म्हणून सांगितलं. आज रात्रभर गाडीवर बसला असतात, ती म्हणाली, आणि यातला तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता, तर तुम्हाला गाडी बाजूला घ्यायलाही वेळ मिळाला नसता. मग तिने सुई टोचली, आणि नर्स त्याला वॉर्डात घेऊन गेली.

दिवेलागणीला मालकाचा फोन आला. काळजी घे म्हणाला, आणि गाडी दुसऱ्याबरोबर निघाली म्हणूनही सांगितलं. नवऱ्याने फोन उशीखाली सारला आणि तोंड भिंतीकडे केलं. उसवणने पाणी विचारलं, उत्तर नाही. उशी सरळ करू का विचारलं, उत्तर नाही. तो मोठमोठे श्वास घेत होता. रडत होता की रागाने फुलला होता, ते पाठीवरून कळत नव्हतं. एवढ्या वर्षांनी हातात आलेली गाडी गेली होती आणि ती तिने घालवली होती. हे त्याच्या मनात होतं, आणि ते त्याने बोलून दाखवायची गरज नव्हती.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. शेजारी नणंद होती, मांडीवर पिशवी घेऊन. उसवण म्हणाली की ते माझ्याशी बोलतच नाहीत, आता किती दिवस अबोला धरतील कोण जाणे.

नणंदेने वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"रुसू दे," ती म्हणाली. "रुसायला माणूस असावा लागतो."

उसवणने तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, आणि आत नर्स नवऱ्याला नाव विचारत होती तेव्हा तो चिडून, चांगल्या ठणठणीत आवाजात उत्तर देत होता, ते दोघी ऐकत बसल्या.